खालचा पट्टा: कंदीलपुष्पाच्या नोंदी, पावसाळा २०२४

टेकडीचं नाव या नोंदींमध्ये मुद्दाम लिहिलेलं नाही. पुण्यातली आहे, शहराने चारही बाजूंनी वेढलेली आहे, इतकं पुरे. कंदीलपुष्पाची जागा उघड झाली की कुंडीसाठी कंद उकरून नेणारे येतात, हे मी एकदा पाहिलं आहे.

वनस्पती: सेरोपेजिया बल्बोसा. कंदीलपुष्पांपैकी एक, खरचुडीही म्हणतात. भारतात सेरोपेजियाच्या पन्नासहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याच सह्याद्रीबाहेर कुठेच सापडत नाहीत. हरिश्चंद्रगडाची लॉई, जुन्नरकडच्या ढाकोबाची रोली, पाचगणीचं नाव घेतलेली पंचगणिएन्सिस. त्या बहिणींइतकी बल्बोसा दुर्मीळ नाही, ती कोरड्या मुलखातही तग धरते. पण या टेकडीवर गेल्या पावसाळ्यात मला एकूण ३१ वेली मिळाल्या होत्या. वरच्या पट्ट्यात १९, खालच्या पट्ट्यात १२. दोन्ही पट्टे मिळून एखाद्या शाळेच्या मैदानाएवढी जागा. बाकी टेकडीभर गिरिपुष्प, सुबाभूळ आणि घाणेरी. तिथे तीन वर्षं शोधूनही एक वेल मिळाली नाही.

९ जून, रविवार

काल संध्याकाळी धो धो पाऊस झाला. मृग लागला की दोनेक आठवड्यांत कोंब येतात, म्हणून आज नुसती पाहणी करायला गेले होते.

खालच्या पट्ट्यात खड्डे घेतलेले आहेत. दोन बाय दोन फुटांचे, जेसीबीने, फक्कीच्या रेषेवर ओळीने. मोजले, ३८. शेजारी मुरुमाचे ढीग. वृक्षारोपणाची तयारी.

पहिली दहा मिनिटं काही सुचलंच नाही. मग गुडघ्यावर बसून ढीग हाताने चाळायला लागले. तीन तासांत सहा कंद मिळाले. चपटे, लहान कांद्याएवढे, तपकिरी सालीचे. दोन दातरीने मधोमध कापले गेलेले, आतला गर पांढरा आणि ओलसर. चार शाबूत. त्यातल्या एकाला टाचणीच्या डोक्याएवढा लालसर कोंब फुटलेला होता.

शाबूत चारपैकी दोन तिथेच, खड्ड्यांपासून हातभर लांब, दगडाच्या आडोशाला चार बोटं खोल पुरले. दोन ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणले. गच्चीतल्या मातीच्या कुंडीत निम्मा मुरूम, निम्मी टेकडीचीच माती घालून लावले. शेणखत नाही. हा कंद उपाशी जमिनीत वाढलेला आहे, त्याला श्रीमंती सोसत नाही.

१२ जून, बुधवार

ज्या गटाचं वृक्षारोपण आहे त्या काकांचा नंबर मिळवला आणि फोन केला. दहा वर्षं ते आणि त्यांचे मित्र उन्हाळ्यात पाठीवर पाण्याचे कॅन घेऊन टेकडी चढतात, झाडं जगवतात. मी त्यांना कितीदा पाहिलं आहे. अशा माणसाशी भांडायचं कसं, हा प्रश्न फोन लावण्याआधीच मनात होता.

मी सांगितलं, तिथे दुर्मीळ वेली आहेत, खड्डे बुजवायला हवेत. ते शांतपणे म्हणाले, "ताई, मी ती जागा स्वतः बघून निवडली. तिथे काही नाहीच. नुसतं गवत आहे."

हेच वाक्य संबंधित कार्यालयात अर्ज द्यायला गेले तिथेही ऐकलं. अर्ज घेतला, पोच दिली. पाहणी पावसाळ्यानंतर.

१६ जून, रविवार

काका स्वतः आले, हे मला फार मोठं वाटलं. पण दाखवायचं काय? कोंब जमिनीवर आलेले नाहीत. मी गेल्या वर्षीचे फोटो दाखवले, वहीतला नकाशा दाखवला, "इथे सात नंबर, इथे आठ नंबर" असं ओल्या मुरुमाकडे बोट दाखवत राहिले. ते ऐकत होते, पण त्यांच्या डोळ्यांना दिसत होता तो उघडा माळ. जमिनीखाली आठ महिने झोपणाऱ्या झाडाची हीच अडचण आहे. खड्डे घेण्याचा हंगाम आणि त्याच्या झोपेचा हंगाम एकच.

एक मुद्दा त्यांना पटला असं वाटलं. मी विचारलं, इथे याआधी लावलेली झाडं का जगली नाहीत? ते म्हणाले, खाली कातळ लागतो, मुळं जात नाहीत. म्हटलं, म्हणूनच इथे जंगल नव्हतं काका, गवतच होतं. पुणं घाटमाथ्याच्या पावसाच्या आड आहे. बसाल्टवर वीतभर मुरूम, चार महिने पाणी, आठ महिने उन्हाचा तवा. अशा जमिनीवर कुसळी, मारवेल, हेकळ, काळी बोर आणि कंदवाली मंडळी जगतात. हा तुटलेल्या जंगलाचा उरलेला भाग नव्हे, हा माळ पहिल्यापासून माळच आहे. सरकारी दप्तरात त्याला पडीक म्हणतात आणि तो शब्द आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसला आहे.

ते इतकंच म्हणाले, "बघू, गटात बोलतो."

२३ जून

वरच्या पट्ट्यात ९ कोंब. खालच्यात शून्य.

३० जून, रविवार

आज दोन्ही पालख्या पुण्यात. खालून टाळांचा आवाज टेकडीच्या पायथ्यापर्यंत येत होता. वरच्या पट्ट्यात १४ वेली, काहींनी कुसळीच्या काडीला वेढे घालायला सुरुवात केली आहे. पानं समोरासमोर, जाडसर, बोटाने दाबली तर मांसल लागतात. खालच्या पट्ट्यात अखेर दोन! त्यातली एक मी पुरलेल्या कंदाची. तिथे बसून पाणी प्यायले आणि कितीतरी वेळ उठवेना.

कुंडीतले दोन्ही कंद फुटले आहेत.

७ जुलै, रविवार

वनमहोत्सवाचा आठवडा, वृक्षारोपणाचा दिवस. काकांनी गटात बोलून वरच्या बाजूचे १७ खड्डे बुजवून घेतले. उरलेल्या २१ मध्ये रोपं लागली. वड, कडुनिंब, बहावा, करंज. दीडशे माणसं, लहान मुलं, सगळ्यांच्या चेहऱ्यावर आनंद. मी चार वेलींभोवती दगडांची कडी करून उभी राहिले, येणाऱ्याला "इकडून जा, इकडून जा" सांगत. एक लहान मुलगी माझ्याशेजारी येऊन थांबली आणि तासभर तिनेही तेच काम केलं.

वड इथे लावायला नको होता. जगला तर त्याची सावली दोन्ही पट्टे गिळेल, न जगला तर खड्डा तेवढा उरेल.

१४ जुलै, रविवार

पहिली पूर्ण मोजणी. वर १७, खाली ४. प्रत्येक वेलीचा नंबर ॲल्युमिनियमच्या पट्टीवर कोरून पट्टी जवळच्या हेकळाच्या बुंध्याला बांधली आहे, वेलीपासून दोन पावलं उत्तरेला. वेलीवरच पट्टी बांधली तर येणाऱ्याजाणाऱ्याला आपणच पत्ता देतो.

२५ जुलै, गुरुवार

खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्याच्या सोसायट्यांमध्ये शिरलं, भिडे पूल पाण्याखाली. मावशीला तिच्या घरातून आणण्यात दिवस गेला. नोंद नाही.

२८ जुलै, रविवार

खड्डे काठोकाठ भरलेले. खालच्या पट्ट्यातली सहा नंबर कुजली. खड्ड्याच्या कडेपासून अर्धा फूट होती. माळावर पडलेलं पाणी एरवी मुरुमातून झरझर निघून जातं. खड्डा झाला की ते साचतं, आणि कंदाला साचलेलं पाणी म्हणजे मरण. वर १८, खाली ५ (दोन नव्याने उगवल्या, एक गेली). एकूण २३. यापुढे वाढ होईल असं वाटत नाही.

गेल्या वर्षी ३१.

१८ ऑगस्ट, रविवार

फुलं! वर ११ वेलींवर, खाली दोनवर.

शेळीने ओढून तोडलेली एक फांदी वाटेवर मिळाली, फूल ताजं टवटवीत. एरवी मी फूल तोडत नाही, पण हे गेलेलंच होतं, म्हणून डबीत घालून घरी आणलं आणि ब्लेडने उभं चिरलं. कॉलेजमधलं दहापट मोठं दाखवणारं भिंग अजून माझ्याकडे आहे.

बाहेरून फूल जेमतेम इंचभर. तळाशी हिरवट पांढरा फुगा, त्यावर सरळ नळी, आणि वर पाच पाकळ्यांची टोकं एकमेकांना जोडून केलेला जांभळट पिंजरा. पाकळ्यांच्या मध्ये पाच उभ्या खिडक्या. आपल्याकडे कोणाला यात कंदील दिसला, आणि लिनियसला मेणाचं कारंजं दिसलं, म्हणून त्याने ग्रीकमधून ते नाव दिलं. मला तरी कंदीलच दिसतो.

चिरल्यावर खरी गोष्ट कळते. नळीच्या आत बारीक केस आहेत आणि सगळ्यांची टोकं खाली वळलेली आहेत. खिडकीतून शिरलेली माशी खाली सहज उतरते, वर चढायला गेली की केस आडवे येतात. फुग्याच्या तळाशी एक नाजूक किरीट, आणि त्याच्या बेचक्यांत परागकणांचे पिवळे पुंजके, दोन दोन जोडलेले, मध्ये तपकिरी चिमटा. रुईच्या कुळाची ही खासियत. पराग सुटे उधळत नाहीत, पुडी बांधून देतात.

फुग्यात दोन माश्या होत्या. तिळाच्या निम्म्याहून लहान, काळ्या. एक मेलेली. दुसरी चालत होती, आणि भिंग हलवता हलवता दिसलं की तिच्या सोंडेला पिवळ्या पुंजक्यांची जोडी अडकलेली आहे. मी श्वास रोखून बघत होते. वेलीवर असती तर दिवसभराने केस मलूल पडले असते, फूल कलंडलं असतं, ती उडाली असती आणि दुसऱ्या कंदिलात शिरली असती. तिला खिडकीत नेऊन सोडलं. टेकडीपर्यंत पोचणार नाही हे ठाऊक होतं, तरी सोडलं.

यातून खालच्या पट्ट्याची दुसरी काळजी निघते. एवढीशी माशी किती लांब उडणार? दोन पट्ट्यांच्या मध्ये आता २१ खड्डे, तुडवलेली माती आणि त्यावर उगवलेलं गाजर गवत आहे.

२५ ऑगस्ट, रविवार

काकांना बोलावलं होतं. छत्री घेऊन, गुडघ्याला पट्टा बांधून आले. अकरा नंबरच्या वेलीपाशी सतरंजीचा तुकडा पसरला, त्यांना बसवलं आणि भिंग हातात दिलं. ते खूप वेळ काही बोलले नाहीत. मग भिंग डोळ्यावरून न काढता त्यांनी विचारलं, "आपण जूनमध्ये खड्डे घेतले तेव्हा हे खाली होतं?"

मी हो म्हटलं.

खाली उतरताना त्यांनी स्वतःहून विषय काढला. गटाच्या पुढच्या वर्षीच्या यादीत वरचा माळ होता, तो काढायचा. नाल्याच्या काठाला आणि जुन्या खाणीच्या उतारावर माती आहे, तिथे झाडं लावायची. मी त्यांना जूनमधले कापलेले कंद कधीच दाखवले नव्हते. आज दाखवले नाहीत याचं बरं वाटलं.

लावलेली रोपं मात्र काढायला ते तयार नाहीत. "जिवंत रोप उपटायचं नाही, ताई. माझ्याने होणार नाही." यावर आमचं जमलं नाही.

८ सप्टेंबर, ऋषिपंचमी

घरी ऋषीची भाजी. बैलाच्या कष्टाचं आज खायचं नाही, म्हणून अळू, माठ, सुरण, लाल भोपळा. सुरण चिरताना टेकडीवरच्या मामांची आठवण आली, म्हणून दुपारी भाजीचा डबा घेऊन गेले. पलीकडच्या वस्तीतून शेळ्या घेऊन येतात ते. त्यांच्याकडून मी जेवढं शिकले तेवढं पुस्तकातून नाही.

त्यांना खरचुडीबद्दल विचारलं. "आवो ताई, ल्हानपणी उकरून खायचो की. कच्ची खाल्ली तर कडवाट लागती. आई चुलीत भाजून द्यायची, मग ग्वाड." किती मिळायच्या? त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ केली. "एका सकाळी येवढ्या. पर समद्या न्यायच्या न्हाईत, आई म्हनायची. बारक्या राहू द्यायच्या."

आज एका सकाळी ओंजळभर कंद काढले तर टेकडीवरची जात संपेल. खाणारे तेव्हाही होते, साळिंदरं होती, मोर होते. खाऊन ती संपली नाही, जागा गेल्यामुळे संपत आली आहे.

मामांचं आणखी एक म्हणणं लिहून ठेवते. शेळ्या फांद्या ओढतात हे खरं, पण जिथे चराई अगदी बंद झाली तिथे गवत कमरेएवढं होतं, मग घाणेरी येते आणि खाली काही उगवत नाही. वरच्या पट्ट्यात चराई हलकी चालू आहे आणि वेली तिथेच जास्त आहेत. एवढ्यावरून निष्कर्ष काढणार नाही, पण पुढच्या वर्षी मोजायला हवं.

२२ सप्टेंबर, रविवार

फुलं संपली. २३ वेलींपैकी फक्त चारवर शेंगा धरल्या आहेत, पाच जोड्या. बारीक, टोकदार, हरणाच्या शिंगांसारख्या उभ्या. एवढ्या फुलांतून पाचच, हे कंदीलपुष्पांच्या बाबतीत नवं नाही. सापळा लावून बसणाऱ्या फुलाला हवी ती माशी हवी तेव्हा मिळेलच असं नसतं. खालच्या पट्ट्यात एकही शेंग नाही.

वरच्या पट्ट्यापर्यंत कॉसमॉस पोचला आहे. तो नारिंगी फुलांचा, ज्याच्यासोबत टेकडीवर सगळे फोटो काढतात. मूळ मेक्सिकोकडचा. बी धरायच्या आत उपटला तरच उपयोग. भाचा आणि त्याचे तीन मित्र आले, दोन तासांत सहा पोती. कोणती रोपं उपटायची आणि कोणती सोनकी, कवळा म्हणून ठेवायची, हे पोरांनी पंधरा मिनिटांत शिकून घेतलं.

२९ सप्टेंबर

हस्ताचा पाऊस. शेंगांना मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशव्या बांधल्या. एक जोडी कोणीतरी कुरतडली. चार उरल्या.

२० ऑक्टोबर, रविवार

गवत सोनेरी झालं आहे, कुसळं मोज्यांत घुसतात. तीन नंबरची शेंग पिशवीतच उकलली. आत म्हाताऱ्या. रुईच्या असतात तशाच, रेशमी झुबका आणि टोकाला चपटं तपकिरी बी. पिशवी उघडली तशी एक निसटली, वाऱ्यावर चढली, हेकळावरून गेली आणि दिसेनाशी झाली. पुढच्या दोन पिशव्या लगेच काढून टाकल्या. वाऱ्याचं काम वाऱ्याने करावं. मी एकाच जोडीचं बी ठेवलं, २९ भरलं.

त्यातलं १५ खालच्या पट्ट्यात, कातळाच्या फटींत, वीतभर अंतराने पेरलं. दहा पुढच्या जूनमध्ये कुंडीत लावायला कागदाच्या पाकिटात. चार पोकळ निघाली.

२७ ऑक्टोबर

काका, मामा, भाचा आणि मी. वणव्याच्या आधी पट्ट्यांभोवती सहा फुटांची गवत कापलेली पट्टी काढली. कंद खाली असतो, त्याला आग सहसा लागत नाही, पण न गळलेल्या शेंगा आणि वर पडलेलं बी जळतं. कापलेलं गवत मामा घेऊन गेले.

१० नोव्हेंबर, रविवार

वेली सुकल्या. बहुतेकांचा आता फक्त दोऱ्यासारखा वाळका तंतू उरला आहे, बोट लावलं की तुटतो. दोन आठवड्यांनी तोही दिसणार नाही आणि माळ पुन्हा रिकामा दिसेल. म्हणून आजच शेवटचं काम केलं. प्रत्येक वेलीच्या जागी जांभ्याचा मुठीएवढा दगड अर्धा पुरला. जांभा इथला नाही, त्यामुळे आम्हाला ओळखता येतो आणि बाकी कोणाला वेगळा वाटत नाही. वर १८, खाली ५. नकाशाची एक प्रत काकांकडे दिली, एक कार्यालयात अर्जाला जोडली.

लावलेल्या २१ रोपांपैकी १३ जिवंत आहेत. काका प्रत्येक रोपापाशी थांबून बघत होते. वडापाशी आल्यावर त्यांनी पायाने अंतर मोजलं, वडापासून चार नंबरच्या जांभ्यापर्यंत. सात पावलं. पुन्हा एकदा मोजलं. मग म्हणाले, पुढच्या मृगाला मुळांच्या गड्ड्यासकट उचलून नाल्याकाठी नेऊ, तेव्हा लहानच असेल, जगेल. तोपर्यंत उन्हाळ्यात पाणी घालावं लागेल. ते मी घालेन असं मी कबूल केलं आहे. दर रविवारी एक कॅन.

गच्चीतली कुंडी पाणी तोडून भिंतीच्या आडोशाला सरकवली. पुढची फेरी पहिल्या वळवानंतर.